शहाण्णव गुणांचं काळीज

हे सगळं २०३४ साली मिरजेत घडलं. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते, नर्सची नोकरी संपून नऊ वर्षं झाली होती आणि दोन्ही कानांत ऐकायची मशीनं आली होती. त्या वर्षातलं पुष्कळसं विसरले. पण सप्टेंबरातले चार दिवस, बारा तारखेचा मंगळवार ते पंधरा तारखेचा शुक्रवार, अजून तासातासानं आठवतात. आठवले की मला बसवत नाही, मी उठून घरात फेऱ्या मारते. आजही दोनदा उठले, तेव्हा कुठे लिहायला हात लागला.

आधी माझ्या भाचीबद्दल. अर्पणा लोंढे, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण अडतिसाव्या वर्षी हृदयाच्या झडपेच्या आजारानं गेली. मी त्याच गावात हृदयाच्या वॉर्डात नर्स, आणि सख्ख्या बहिणीच्या छातीला मी कधी ठोके ऐकायची नळी लावली नव्हती. ती दमायची. आम्ही म्हणायचो, शाळेची नोकरी करून घर बघणारी बाई दमणारच. अर्पणा तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे ती इंजिनियर झाली आणि तिनं ‘कानोसा’ काढला.

कानोसा म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याएवढी मऊ पट्टी. छातीच्या मधल्या हाडाशेजारी चिकटवायची, ती हृदय ऐकायची आणि फोनला कळवायची. ती काय ऐकायची ते सांगते. हृदयाच्या झडपा मिटताना दोन आवाज होतात, लब आणि डब. निरोगी हृदयात या दोहोंच्या मध्ये शांतता असते. झडप अरुंद झाली की रक्त चिंचोळ्या वाटेनं जोरात घुसतं आणि त्या शांततेत घरघर उमटते, कधी करवतीसारखी, कधी शिट्टीसारखी. १९८८ साली मी शिकाऊ म्हणून वॉर्डात गेले तेव्हा आमचे मोठे डॉक्टर पंखे बंद करायला लावायचे, खिडकीखालचे टांगेवाले पुढे पिटाळायचे आणि आम्हा मुलींना डोळे मिटायला सांगायचे. “लब नको, डब नको. मधलं ऐका,” म्हणायचे. मधलं ऐकायला मला सात महिने लागले.

कानोशासाठी पंखे कोण बंद करणार? तो दिवसभर अंगावर असायचा. मिक्सर, रिक्षा, टीव्ही, शेजारचं भांडण, सगळं त्याच्या कानावर यायचं. म्हणून अर्पणानं त्याला एक युक्ती शिकवली होती. पहिले एकवीस दिवस तो काहीच निदान करायचा नाही. त्या माणसाच्या आयुष्यात कोणते आवाज रोज, एकाच पट्टीत, तासन्‌तास येतात ते फक्त टिपायचा. ते आवाज घरादाराचे, असं धरून पुढे कायमचे वजा करायचा. उरलं ते हृदय. युक्ती साधी होती आणि हजारात नऊशे नव्याण्णव जणांना लागू पडत होती.

धंदा दोन डब्यांत विभागलेला होता. नारिंगी डबा घरचा, निळा डबा दवाखान्याचा. आतली पट्टी तीच. नारिंगी डबा औषधांच्या दुकानात आणि मोबाइलच्या दुकानातही मिळायचा. त्याला आजाराचं नाव घ्यायची कायद्यानं परवानगी नव्हती, म्हणून तो शंभरपैकी गुण द्यायचा आणि गुण चांगले असले की फोनवर हिरवं पान दाखवायचा. लोकांना त्याचं वेड लागलं. लग्नात रुखवतात लाडवांच्या शेजारी कानोशाची जोडी मांडलेली मी पाहिली आहे. मुलगी बघायला आलेले लोक पत्रिकेआधी गुण विचारायचे.

“मावशी, नारिंगी डब्यानं माणूस खूश व्हायला पाहिजे आणि निळ्या डब्यानं डॉक्टर,” अर्पणा म्हणायची. “नारिंगीवर माझा पगार निघतो. पण आईसारखी बाई वाचायची ती निळ्यावरच.”

निळा डबा अडला होता. पुण्याच्या एका रुग्णालय-समूहाचे सबनीस नावाचे अधिकारी तो चाळीस तालुक्यांच्या दवाखान्यांत ठेवायला तयार होते. अट अशी, की मिरजेत चारशे माणसांवर सहा महिने चाचणी व्हावी आणि झडपेचा एकही रोगी सुटू नये. पट्टी ज्यांना संशयित म्हणेल त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी, शिवाय हिरव्या पानवाल्यांतून चिठ्ठ्या टाकून चाळीस जणांची. घरोघरी जाऊन पट्ट्या बदलायचं आणि फॉर्म भरायचं काम अर्पणानं मला दिलं. “तुला बघून लोक दार उघडतात,” म्हणाली. खरंच उघडायचे. अर्ध्या गावाला मी कधी ना कधी इंजेक्शन दिलं होतं.

लोकांनी पट्टी काढून ठेवू नये म्हणून चाचणीतल्या सगळ्यांना फोनवर गुण आणि हिरवं पानही दिसू द्यायचं ठरलं. तेव्हा ती मला गोड कल्पना वाटली.

चाचणीतले एकशे बारा नंबरचे गृहस्थ दस्तगीरभाई. तानपुरे करायचे. वय चौसष्ट, उंच, थोडे वाकलेले. मागच्या गल्लीत खाली दुकान, माडीवर कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, भिंतीला टांगलेले वाळके भोपळे आणि लाकडाचा, लाखेचा वास. एप्रिलमध्ये पट्टी लावायला गेले तेव्हा ते धारवाडच्या एका गायिकेसाठी तानपुऱ्याची जोडी करत होते. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या चपट्या पुलावर, कानस फिरवून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जो गुंजारव काढतात त्याला जवारी म्हणतात. दस्तगीरभाईंची जवारी काढायची रीत वेगळी होती. भोपळा छातीशी घट्ट धरायचे, डोळे मिटायचे आणि तार छेडायचे. बरगडीला जे कळतं ते कानाला उशिरा कळतं, असं त्यांचं म्हणणं.

“पालथं झोपतो मी. रात्री ही तुमची टिकली निघून जाईल,” ते म्हणाले.

“मग कामावर असताना लावा आणि घरी काढा,” मी म्हणाले. चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

जुलैत गेले तर दुकानात चार गिऱ्हाइकं आणि दस्तगीरभाई त्यांना फोन दाखवत होते. “शहाण्णव! सिस्टर, बगा, शाळेत मला कधी छत्तीस पडले नाहीत.”

त्यांच्या बायको, जुलेखाभाभी, गल्ल्यामागून म्हणाल्या, “रोज सकाळी आधी फोन बघतात, मग माझ्याकडे. मला किती गुण ते कुणी सांगत नाही.”

“तुला पान दिसतंय का कुठं हिरवं?” दस्तगीरभाई म्हणाले.

“दिसतंय ना. विड्याचं. तोंडात आहे तुमच्या.”

सगळे हसले. मीही हसले, पट्टी बदलली आणि निघाले.

बारा सप्टेंबरला, मंगळवारी, सकाळी अकराला गेले. चाचणी संपायला अकरा दिवस उरले होते. दस्तगीरभाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. एक हात कठड्यावर, दुसरा मांडीवर.

“काय झालं?”

“काही नाही. जिना वाढलाय.” बोलताना एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. “दोन महिने झाले, पायऱ्या कुणीतरी वाढवतंय रात्रीत.” फोन पुढे केला. पंचाण्णव. हिरवं पान.

नियमानं मला त्यांना तपासायचा अधिकार नव्हता. पट्टी बदलायची आणि ‘काही त्रास?’ या रकान्यात लिहायचं, बस. पण सदतीस वर्षांची सवय, पर्समध्ये नळी असायचीच. कानातली मशीनं काढल्याशिवाय ती लावता येत नाही. मशीनं काढली आणि जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं. नळी त्यांच्या छातीवर ठेवली. लब. मग काहीतरी. मग डब, अगदी क्षीण. त्या मधल्या जागेत मला बारीक, सुरेल शिट्टी ऐकू आल्यासारखं वाटलं. वाटलं, म्हणते मी. म्हाताऱ्या कानांत अशाही शिट्ट्या वाजतात. पुन्हा ठेवली, पुन्हा वाटलं.

“काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं असावं. ओठ दिसले.

“जुनी हौस हो माझी,” मी म्हणाले. फॉर्म काढला. ‘काही त्रास?’ हा रकाना मी कोरा ठेवला. मनात म्हटलं, आधी अर्पणाशी बोलते.

अर्पणाचं ऑफिस स्टेशन रोडला होतं. ती उभ्यानंच डबा खात होती. मी सांगितलं. तिनं पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

“मावशी, तू मशीनशिवाय दाराची बेल ऐकत नाहीस.”

“जिन्यावर बसले होते ते.”

“चौसष्ट वर्षांचा माणूस जिन्यावर बसतो.” तिनं संगणकावर एकशे बारा नंबर काढला. पाच महिन्यांची रेघ, सपाट, स्वच्छ. “बघ. शांतता आहे. आईच्या छातीत हे असतं तर मी नाचले असते.”

“सोनोग्राफी करून टाकू. एकच.”

ती खुर्चीवर बसली. पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. “चाळीस चिठ्ठ्या निघून गेल्या. त्यात ते नाहीत. आता तू रकाना भरलास तर त्यांची तपासणी चाचणीत धरावी लागेल. आणि तू म्हणतेस तसं निघालं तर एक सुटला. अट शून्याची आहे. चाळीस तालुके गेले, मावशी. तिथं वर्षाला किती बायका मरतात ते तूच मला सांगितलंस.” मग हळू आवाजात म्हणाली, “असलंच तर ते दहा वर्षांपासून असेल. अकरा दिवसांनी काय होणार आहे? चोवीस तारखेला मी स्वतः त्यांना घेऊन जाते. माझ्या खर्चानं. शपथ.”

ती खोटं बोलत नव्हती. झडपेचे रोगी वर्षानुवर्षं काढतात, हे मीही पाहिलं होतं. मी म्हणाले, “बरं.”

बुधवारी मी घरात बसू शकले नाही. भाजी निवडायला घेतली, तशीच टाकली. चर्चला जाऊन आले, प्रार्थना अर्धी झाली. दुसऱ्या गल्लीतल्या पट्ट्या बदलल्या, दोघांच्या फॉर्मवर नंबर चुकवले. गुरुवारी सकाळी दस्तगीरभाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. वरून तानपुरा ऐकू आला. काम चाललंय म्हणजे ठीक आहे, असं स्वतःला सांगून परत फिरले. वॉर्डात कुण्या शिकाऊ मुलीनं असं केलं असतं तर मी तिला दिवसभर उभं केलं असतं.

त्याच गुरुवारी दुपारी दस्तगीरभाई कारखान्यात चक्कर येऊन पडले. हातात पटाशी होती, लाकूड तासायची. ती डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांतून आरपार गेली.

मला ते शुक्रवारी कळलं, आणि तेही औषधाच्या दुकानात. मी रिक्षानं गेले. दस्तगीरभाई माडीवर गादीवर बसले होते, हाताला हे एवढं बँडेज, आणि उजव्या हातानं तार जुळवत होते.

“इथे का आणलं? दवाखान्यात ठेवायचं!” मी भाभींना म्हणाले.

“बोटांना टाके घातले आणि सोडलं. चक्कर कशानं म्हणून विचारलं त्यांनी. आम्ही फोन दाखवला.” भाभींनी फोन माझ्यासमोर धरला. एक्क्याण्णव. हिरवं पान. खाली एक ओळ: आज थोडा थकवा दिसतो, पाणी प्या. “पाणीच पाजतेय काल दुपारपासून.”

“दस्तगीरभाई, चला. आत्ता. छातीची सोनोग्राफी करायची.”

“ही जोडी परवा धारवाडला जायचीय. पडलो ते उकाड्यानं.”

“तुमच्या हृदयाची झडप बिघडलीय. मी ऐकलंय.”

त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं आणि हसले. “सिस्टर, राग मानू नका. एक मशीन म्हणतंय मी एक्क्याण्णव. आणि दोन मशीनं लावून ऐकणारी बाई म्हणतेय मी बिघडलो. कुणाचं ऐकू?”

मग माझ्या लक्षात आलं की या खोलीत गावातले सगळ्यात तयार कान माझ्यासमोर बसले आहेत. मी नळी काढली, तिची टोकं त्यांच्या कानांत घातली आणि चकती त्यांच्याच छातीवर टेकवली.

“तुम्ही ऐका. ठोके ऐकू नका. दोन ठोक्यांच्या मध्ये काय आहे ते मला सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. जवारी काढताना चेहरा जसा व्हायचा तसा झाला. भाभी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. खाली कुणी दुकानाची बेल वाजवली, कुणी गेलं नाही.

“तानपुरा बंद करा,” ते म्हणाले.

“बंदच आहे,” भाभी म्हणाल्या.

त्यांनी उजवा हात लांब करून चारही तारांवर पंजा दाबून ठेवला. पुन्हा ऐकलं. कपाळावर घाम होता.

“काळी चार. पेटीची चौथी काळी,” ते म्हणाले. “एप्रिलपासून ज्या पट्टीत काम करतोय, तीच. तार कुणी छेडत नाही आणि वाजतेय.” डोळे उघडले. “जवारीसुद्धा वाईट आहे. खरखर आहे मागं. सिस्टर, हे किती दिवस वाजतंय?”

मला तिथेच कळलं. पाच महिने ते दिवसाचे दहा तास भोपळा छातीशी धरून काळी चारचा सूर ऐकत होते आणि पट्टी फक्त तेवढाच वेळ अंगावर होती. कानोशानं एकवीस दिवसांत तो सूर शिकून घेतला आणि पुढे इमानानं वजा केला. त्यांच्या अरुंद झडपेची शिट्टीही त्याच सुराच्या आसपास होती. तीही गेली. खाली उरली ती शांतता, पंचाण्णव-शहाण्णव गुणांची.

रिक्षात बसल्यावर मी अर्पणाला फोन केला. दस्तगीरभाई शेजारी होते, भाभी पलीकडे.

“मी रकाना भरला,” मी म्हणाले. “मंगळवारची तारीख घालून. मंगळवारी कोरा ठेवला होता, तेही खाली लिहिलंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“किती अरुंद आहे?” तिनं विचारलं.

“अजून पोचलो नाही.”

“मी येते.”

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ती माझ्या आधी पोचली होती. पायात दोन वेगळ्या चपला. डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. बोटभर रुंद असायला हवी ती वाट पेन्सिलीएवढीच उरली होती. “यांना काल चक्कर आली म्हणता? मग आज दाखल करायचं. यांच्याकडे दिवस नाहीत,” त्या म्हणाल्या. अर्पणानं पडद्याचा फोटो काढला आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्याबसल्या सबनीसांना पाठवला. खाली लिहिलं, एक सुटला. कसा सुटला तेही लिहिलं, तानपुऱ्यासकट.

सबनीसांचा फोन दहा मिनिटांत आला. तिनं स्पीकर लावला होता. “मॅडम, तुमचा आदर वाटतो. मनापासून. पण अट शून्याची होती.”

“माहीत आहे सर,” ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी दस्तगीरभाईंसमोर दोन झडपा ठेवल्या. एक धातूची, जन्मभर टिकणारी, पण घड्याळासारखी टिकटिक करणारी. दुसरी जनावराच्या पडद्याची, गाईगुरांच्या हृदयावर असतो तसल्या, मुकी. पण दहा-बारा वर्षांत झिजणारी.

“टिकटिक बाहेर ऐकू येते?” त्यांनी विचारलं.

“शांत खोलीत येते.”

“मग मुकी द्या. माझी खोली शांत असते.”

आठवड्यानं ते बरे झाल्यावर मी दोघांना सांगितलं की मला मंगळवारीच ऐकू आलं होतं. भाभी सफरचंद कापत होत्या. सुरी थांबली. दस्तगीरभाईंनी बँडेजमधल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “सिस्टर, गिऱ्हाइकाचा तानपुरा चिरलाय हे सांगायला मीही कधीकधी चार दिवस घेतो.” सफरचंदाची ताटली भाभींनी नवऱ्याकडे सरकवली आणि बाहेर निघून गेल्या.

दस्तगीरभाई त्यानंतर अकरा वर्षं जगले. डाव्या हाताच्या दोन बोटांतली जाण परत आली नाही, तारेखालचा धागा त्यांना कळेनासा झाला. तेव्हापासून ते नुसतं ऐकायचे आणि धागा जुलेखाभाभी सरकवायच्या. त्या अकरा वर्षांतले तानपुरे गावात अजून ओळखू येतात. झडप झिजली तेव्हा त्यांनी दुसरी बसवू दिली नाही. २०४५च्या डिसेंबरात गेले.

सबनीसांनी दुसऱ्या कंपनीचं यंत्र घेतलं. पुढे ते निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले.

अर्पणानं नारिंगी डबा एका साबण-टूथपेस्टच्या कंपनीला विकला. त्या कंपनीनं पान हिरवं ठेवलं, आणखी मोठं केलं. त्या पैशांतून तिनं नवी चाचणी केली. आता पट्टी आवाज शिकते ती माणूस स्वस्थ पडलेला असताना, आणि पेशंटला गुण दिसत नाहीत. मंजुरी मिळायला २०४१ उजाडलं. आज अकरा तालुक्यांत निळा डबा आहे, चाळीसांत नाही. मधल्या वर्षांत उरलेल्या गावांत कोण कोण गेलं ते ती कधी बोलत नाही, मी विचारत नाही.

मी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. जुलेखाभाभी दुकान चालवतात, एकट्या. रस्त्यात भेटल्या तर मान हलवतात. त्यांच्या घरून ईदला आमच्या दोन्ही गल्ल्यांत शीरखुर्मा जातो, आमच्या शेजारीही येतो. २०३४ पर्यंत माझ्याकडेही यायचा. त्यानंतर पंधरा वर्षांत एकदाही आला नाही. मागायला मी जाणार नाही. पण ईदच्या दुपारी मी कानांतली मशीनं काढत नाही, आणि दाराला कडी लावत नाही.